अप्पांच्या चौकशीचा कागद

सरकारला गुपितं राखायची भारी हौस. पण राखायला पुरेशी गुपितं नसतात, मग हाताला लागेल ते राखावं लागतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि मी बेंगळूरच्या एका सरकारी कार्यालयात भाषांतरकार म्हणून चिकटलो. तिथे भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला पाठवल्याचं पत्रसुद्धा ‘गोपनीय’ होतं. घड्याळ बंद पडलंय हे जनतेला कळतं तर राज्यच कोसळतं, नाही का!

आता जनतेला माहिती मिळत नव्हती असं कोण म्हणेल? त्यासाठी वेगळं खातंच होतं. मधमाश्या कशा पाळाव्यात, शोषखड्डा कसा खणावा, याच्या पुस्तिका तिथे फुकट वाटत. मी मागितल्या नसताना मधमाश्यांच्या चार प्रती माझ्या गळ्यात पडल्या. मला हवा होता एकच कागद, आणि तो आमच्याच इमारतीत, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, कुलपात होता.

तो कागद माझ्या वडिलांच्या चौकशीचा. अप्पा बेळगावकडच्या एका मामलेदार कचेरीत कारकून होते. कचेरीतला जमिनीचा नकाशा बाहेरच्या माणसाला गुपचूप दिला, असा ठपका ठेवून त्यांना घरी बसवलं. एक साहेब येऊन चौकशी करून गेले. निकाल काय लागला ते कुणी सांगितलं नाही. अप्पा रोज टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, बाजारात जायचं तर मागच्या बोळातून जायचे. दोन वर्षांनी छातीत कळ येऊन गेले. त्या दोन वर्षांत आईला गल्लीत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पाण्यावर गेली की बायका म्हणायच्या, “आली बघ कागदचोराची बायको.”

आईला सरकारकडून दुसरं काही नको होतं. माझा नवरा चोर ठरला की नाही, एवढं एक वाक्य हवं होतं.

आमचा भाग म्हैसूर राज्यात आला, तशी तिकडची दप्तरं वॅगनी भरभरून बेंगळूरला आली. फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणायचो. जुने कागद मोडीत, आणि कार्यालयात मोडी कुणाच्या बापाला येत नव्हती. मग एका हुशार माणसाने हुकूम काढला: ज्या कागदात काय लिहिलंय ते समजत नाही, तो गोपनीय समजावा. झालं! सगळ्या मोडी रुमालांवर लाल शिक्के बसले. गोपनीय रुमाल सोडायचा अधिकार फक्त आमच्या साहेबांना. साहेब म्हैसूरचे, डोक्याला जरीचा फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, माणूस देवासारखा, पण मोडीच काय, साधं मराठीही येईना. अख्ख्या कार्यालयात मोडी वाचणारा मी एकटा, आणि मला रुमालाला हात लावायची बंदी. कागद गोपनीय नाही असं ठरल्याशिवाय भाषांतरकाराला द्यायचा नाही, आणि भाषांतर झाल्याशिवाय तसं ठरायचं नाही. आहे की नाही अक्कल?

मी पहिला अर्ज केला तेव्हा साहेब मान हलवत म्हणाले, “स्वल्प ताळी.” म्हणजे जरा थांबा. मी थांबलो. दर सहा महिन्यांनी आई अर्ज सांगायची, मी तीन प्रतींत लिहायचो. उत्तर यायचं की आपला अर्ज विचाराधीन आहे. एकदा तर तेच उत्तर मराठीत करायला माझ्याच टेबलावर आलं, अर्जदाराची भाषा मराठी म्हणून! माझा नकार मी माझ्याच अक्षरात लिहिला, खाली ‘आपला विश्वासू’ म्हटलं, सहीला पाठवला आणि तिसऱ्या दिवशी टपालाने घरी घेतला. आईने तो उलटसुलट करून पाहिला. “अक्षर तर तुझ्यासारखंच आहे की रे,” ती म्हणाली. मी मान खाली घालून जेवलो.

येलहंक्याच्या आमच्या भाड्याच्या घरी संध्याकाळी पोचलो की तिचा एकच प्रश्न: “आज काय म्हणाले?” सात वर्षं मी रोज “काही नाही” म्हणत होतो. कधी कधी तिच्यावरच खेकसायचो. त्याची आजही लाज वाटते.

मग इमारत बदलायची ठरली. वरून फर्मान आलं की प्रत्येक रुमालात काय आहे याची यादी करा, ज्याची यादी नाही तो जाळून टाका. साहेबांना घाम फुटला. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि जाळायचं म्हणजे महापाप. दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. रुमाल ते स्वतः सोडणार, कागद स्वतःच्या हातात धरणार, मी हात पाठीमागे बांधून समोर उभा राहून वाचणार. हात लागला नाही म्हणजे नियम मोडला नाही! वाचलेलं कुठे बोलणार नाही, अशी शपथ माझ्याकडून लिहून घेतली. मग आमचं ते ध्यान सुरू झालं. साहेब आरसा धरल्यासारखा कागद माझ्या तोंडापुढे धरायचे, मी वाचून कन्नडमध्ये सांगायचो, आणि कोंडवाड्यातल्या गुरांची, फुटलेल्या बांधांची, कुणाच्या रजेची महान राजगुपितं यादीत चढायची.

अकराव्या दिवशी साहेबांनी कागद धरला आणि मला अप्पांचं नाव दिसलं.

मी वाचत गेलो. नकाशा कुणी कुणाला दिलाच नव्हता. तो दुसऱ्याच रुमालात चुकून बांधला गेला होता आणि चौकशीत सापडला होता. कारकुनाचा काडीचाही दोष नाही, त्यास सन्मानाने कामावर परत घ्यावे. खाली सही, तारीख. समासात दुसऱ्या कुणाचा शेरा: ‘गोपनीय. वरून मंजुरी येईपर्यंत संबंधितास कळवू नये.’

तारीख मी दोनदा वाचली. त्या तारखेनंतर अप्पा आठ महिने जिवंत होते. आठ महिने ते मागच्या बोळातून बाजारात जात होते, आणि ते निर्दोष ठरलेत हे त्यांना सोडून सगळ्या सरकारला माहीत होतं!

“एन बरदिदे?” साहेबांनी विचारलं. काय लिहिलंय? मी अप्पांचं नाव सांगितलं, आणि दोष नाही, एवढंच. साहेबांना माझे अर्ज पाठ होते. त्यांनी कागद हळूच खाली ठेवला, चष्मा काढला, आणि दारावरच्या दफेदाराला दोन कॉफी आणायला सांगितल्या. कॉफी पिऊन झाल्यावर म्हणाले, “नियमाप्रमाणे तुम्ही काही वाचलेलं नाही.” मग यादीत लिहिलं, ‘चौकशी एक, निकाली’, आणि कागद पुन्हा बांधला.

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. खड्ड्यात गेली शपथ! चपला पायात असतानाच मी सांगितलं, “आई, कागद वाचला. अप्पांचा काडीचाही दोष नाही. सन्मानाने परत घ्या, असं लिहिलंय.”

“मला काय ठाऊक नव्हतं होय?” ती म्हणाली. मग म्हणाली, “परत सांग.” मी तीनदा सांगितलं. ती उठली, शेजारच्या घरमालकीण अक्कांच्या दारात गेली आणि तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, “नम्म यजमानरु तप्पु माडिल्ला.” आमच्या मालकांनी काही गुन्हा केला नव्हता. अक्का बिचाऱ्या बघतच राहिल्या. त्यांना गुन्ह्याचंच ठाऊक नव्हतं.

परत येऊन तिने सूप मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने खाली बघतच विचारलं, “तारीख कुठली होती रे कागदावर?”

लोकांना काय कळावं आणि काय नाही हे ठरवणाऱ्यांना मी सात वर्षं शिव्या घातल्या होत्या. मी म्हणालो, “अप्पा गेल्यानंतरची.”

“किती?”

“वर्षभर असेल.”

“मग बरं,” ती म्हणाली. “त्यांच्या जित्तेपणी लिहून ठेवून सांगितलं नसतं, तर मला सहन झालं नसतं बघ.”

त्यानंतर आई सोळा वर्षं जगली. खरी तारीख मी तिला कधीच कळू दिली नाही.