वाऱ्याच्या मापाचं घर

आमच्या हिने आयुष्यात एकच घर बांधलं. ते कसं बांधलं हे लोक मला अजून विचारतात आणि मी सांगायला लागलो की मधलंच काहीतरी विसरतो. म्हणून एकदा लिहून ठेवतोय. जमेल तसं.

ही शिवणकाम करायची. आसपासच्या वाड्यांवरच्या बायका, शाळेतली पोरं, नवे नवरदेव, सगळ्यांचे कपडे आमच्या ओसरीवर शिवले जायचे. तिची एक खोड होती. कापड अंगाला लावून बघितल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे. कुणी म्हणालं, "मागच्या वर्षीचंच माप धरा की," तर ही विचारी, "मागच्या वर्षीचं पोट आणलंय का बरोबर?" मग कच्चे टाके घालून तो अर्धवट कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायची आणि त्याला वाकायला, उकिडवं बसायला, फळीवरचा डबा काढायला लावायची. लोक वैतागत, पण कपडे दुसरीकडे टाकत नसत.

आमचं घर टेकाडाच्या अगदी माथ्यावर होतं. वडिलांनी तरुणपणी स्वतः दगड रचून बांधलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब. वारा पश्चिमेचा, असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून पश्चिमेला दुप्पट जाडीची भिंत, तीत एक भोकसुद्धा नाही, आणि दारं-खिडक्या सगळ्या उत्तरेला. तरीही दर वर्षी वाऱ्याच्या दिवसांत छपराचे पत्रे उडत. वडील म्हणत, भिंत अजून जाड करायला हवी होती.

त्या वर्षी अर्धं छप्पर गेलं. एक पत्रा वडिलांच्या खाटेशेजारी येऊन रुतला. दुसऱ्याच दिवशी शहरातून दादा आला. दादा माझा थोरला भाऊ, त्याचं शहरात हार्डवेअरचं दुकान. आल्या आल्या म्हणाला, "पुरे झालं. बाबांना मी घेऊन जातो. माझ्याकडं मागची खोली रिकामी आहे."

त्या मागच्या खोलीत वडील पूर्वी राहून आले होते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, खाली गोदाम. आठवड्यात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. पण थोरल्या मुलापुढे नको म्हणायला त्यांना कमीपणा वाटत असावा. ते नुसते आपल्या टोपीची घडी घालत आणि उलगडत बसले.

बोलली ती ही. "दादा, पुढच्या वाऱ्यापर्यंत थांबा. घर मी नव्यानं बांधते."

"तू? धाकटे, घर म्हणजे पोलकं नव्हे."

"ते खरंय. पोलकं बिघडलं तर बाई ओरडते तरी."

दादाला हसू आलं, पण तो बधला नाही. "बांध. पण पुढच्या वाऱ्यात छपराचा एक तुकडा जरी हलला, तर बाबा माझ्याकडे. मग कुणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

"कबूल," ही म्हणाली. वडिलांची टोपी हातातच राहिली.

गवंडी ठरवला. त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणत, कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच. तो दोरी आणि आखणीची फक्की घेऊन आला, तर हिने त्याला बसवून चहा दिला आणि सांगितलं, "आधी घर अंगावर घालून बघायचं. मग पाया."

"होऊन जाईल," तो म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून हळूच, "म्हणजे काय?"

म्हणजे बांबू रोवायचे आणि भिंतींच्या जागी जुन्या चादरी बांधायच्या. हिने माथ्याखालच्या दक्षिण उतारावर जागा धरली आणि घराच्या खऱ्या मापाच्या खोल्या चादरींच्या उभ्या केल्या. पश्चिम बंद, दार उत्तरेला, वडील सांगत आले होते तसंच. तिलाही त्यात काही चूक वाटली नव्हती. मग आम्हा सगळ्यांना त्या चादरींच्या घरात दिवसभर राहायला लावलं. चूल पेटवायची, पाणी भरायचं, वडिलांनी खाटेवरून उठून दारापर्यंत जायचं. रस्त्यावरून जाणारे थांबून हाका मारत. "सर्कस कधी आली हो?" "हत्ती कुठं बांधलाय?" ही आतून ओरडायची, "हत्ती दुपारी झोपतो, नंतर या!" मी मात्र शरमेने चादरीआड उभा.

दुपारी वारा सुटला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. पश्चिमेच्या चादरी मरगळल्यासारख्या लोंबत होत्या. उत्तरेच्या चादरी मात्र पोटुशीच्या पोटासारख्या आत फुगल्या, दाराची चादर सटकन सुटली, वारा आत शिरला आणि वरची छपराची चादर बांबूंसकट उचलायला लागला. ढग पश्चिमेकडून येत, लांबची धूळ पश्चिमेकडून येताना दिसे, पण खाली जमिनीलगतचा वारा आमच्या टेकाडामागच्या टेकडीवर आपटून मधल्या खिंडीतून वळत होता आणि उत्तरेने घरात घुसत होता. इतकी वर्षं आम्ही त्याला दार उघडूनच ठेवलं होतं.

वडील लाल झाले. "काहीतरीच! चादरीला काय कळतंय?"

"मग तुम्हीच सांगा तिला समजावून," ही म्हणाली. ती स्वतःही गोंधळली होती, पण तिने तोंड बंद ठेवलं नाही.

वडिलांनी खरोखर जाऊन ती चादर हातांनी दाबून धरली. वाऱ्याने त्यांना चादरीसकट मागे ढकललं. ते जुन्या घरात निघून गेले आणि रात्री जेवलेही नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं. दादाकडे न पाठवताही आपण त्यांना दुखावलं.

सकाळी उठून बघतो तर वडील उतारावर बांबू उपसत होते. रागाने मोडून टाकताहेत असं वाटून मी धावलो. जवळ गेलो तर त्यांनी दाराचा बांबू उत्तरेकडून काढून दक्षिणेला आणला होता.

"बघतोस काय? दगड दे ठोकायला," ते म्हणाले. "आणि धाकटीला विचार, पश्चिमेला खिडकी ठेवली तर चालेल का. मावळतीचं ऊन मी कधी घरात बसून बघितलेलंच नाही."

मग घर झपाट्याने ठरत गेलं. रोज एखादी चादर सरके, एखादा बांबू बुटका होई. उत्तरेची, माथ्याकडची बाजू उतारात खणून इतकी खाली घेतली की तिथे छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलं. तिथून ते टेकाडाच्याच उताराने दक्षिणेकडे गेलं, आणि पुढे आडोशाला अंगण निघालं. भिंतींना माथ्यावरच्या जुन्या घराचेच दगड. पत्र्यांवर त्याच टेकाडातले चपटे दगड, फटींत माती. गवंडी एकदाच कुरकुरला, "बाई, हे घर दिसणार कुठून?" ही म्हणाली, "वाऱ्याला दिसलं नाही म्हणजे झालं." घर उभं राहिलं, कडेच्या मातीत गवत उगवलं आणि शेजारच्या शेळ्या खुशाल छपरावर चढून चरायला लागल्या.

वाऱ्याचे दिवस आले. चादरींच्या सर्कशीने घराचं हसं झालं म्हणून दादा रुसला होता, मधल्या काळात फिरकला नव्हता. ज्या दिवशी वाऱ्याने रस्त्याकडेचं झाड पाडलं, त्याच दिवशी तो कुणाची तरी जीप मागून घेऊन आला. जीप माथ्यावर लावली आणि खाली उतरला. जिथे घर होतं तिथे नुसता चौथरा. वाऱ्यात त्याला धड उभं राहता येईना. त्याने चौफेर बघितलं. घर नाही. भिंत नाही. काहीच नाही.

"बाबा!" तो गळा काढून ओरडला. "अरे कुणी आहे का? घर उडालं रे!"

आम्ही अंगणातून हाका मारत होतो, पण वाऱ्यात त्याला ऐकू जाईना. तो तसाच घाबराघुबरा उतारावरून खाली धावत सुटला. शेवटी ही अंगणाच्या कठड्यावर चढली आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "दादा, जपून! छपरावरून चालताय तुम्ही!"

दादा जागच्या जागी थिजला. पायाखाली बघितलं. शेजारी एक शेळी त्याच्याकडे बघत होती.

खाली येऊन तो अंगणात टेकला. डोक्यावरून वारा गरजत जात होता. वडील परात घेऊन शेंगा सोलत बसले होते आणि परातीतली टरफलं जिथल्या तिथे होती. दादा बराच वेळ त्या टरफलांकडेच बघत राहिला. मग उठून आत गेला, उत्तरेच्या भिंतीला कान लावला, वर बघितलं, पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर डोकावला आणि परत येऊन वडिलांच्या शेजारी बसला.

"बाबा," तो म्हणाला, "गाडी आणलीय मी."

"बरं केलंस," वडील म्हणाले. "धाकटीला बाजारात जायचंच होतं. तिला सोड जाताना."

आधी दादाच फुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "धाकटे," तो म्हणाला, "पाणी काढायचं नाही म्हणालो होतो ना? माझंच निघालं बघ."

वारा जरा मंदावल्यावर दोघं निघाली. ही पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, चेहरा असा की जीप तिच्याच मालकीची. मी अंगणातून बघत होतो. मला काय वाटत होतं ते लिहायला मला जमणार नाही. दादाने गाडी सुरू केली, मागे वळवायला लागला, आणि वडील हातातल्या शेंगा टाकून कठड्यावर चढले. त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अरे, मागं घेऊ नकोस! छप्पर आहे माझं!"