एक दिवस हँगरवर

ऑस्ट्रेलियातल्या अरारात गावच्या बार्क्ली स्ट्रीटला लागून, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान भरतं. तिथे कुठलाही कोट बारा डॉलरला मिळतो. मेंढ्यांच्या बाजारात घालून मळलेला असो, नाहीतर मेलबर्नच्या कुणा बाईनं दोनदा घालून कंटाळून दिलेला असो, बारा म्हणजे बारा. हा भाव नोरेल पॅस्कोनं ठरवलाय, आणि नोरेलनं ठरवलेलं बदलायची छाती पाद्रीबाबांचीही नाही.

नोरेल बहात्तर वर्षांची आहे. अंगानं काटकुळी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं मोजकं आणि बहुतेक वेळा टोचणारं. लोक काळ्या पिशव्या भरभरून जे कपडे आणून टाकतात, ते बुधवारी बसून निवडायचे हे तिचं काम. पगार नाही, चहा आणि डल्सीची बडबड मात्र फुकट. डल्सी म्हणजे तिच्याच वयाची, तिच्यासारखीच बिनपगारी, गल्ल्यावर बसणारी.

नोरेल पिशवीत हात घालते तेव्हा आधी बघत नाही, नुसती चाचपते. लोकर, रेशीम, प्लास्टिकचा धागा, सगळं तिच्या बोटांना कळतं. गावातल्या बायका कानाशी येऊन विचारतात, "नोरेल, ब्रँडेड काही आलंय का गं?" ती म्हणते, "लेबल मानेला टोचतं, बाई. ऊब शिवण देते. आधी उलटा करून बघ." मग स्वतःच उलटा करून दाखवते. अस्तर खाली सैल सोडलंय का, कापडाच्या चौकड्या बाजूच्या शिवणीवर जुळल्यात का, काजं हातानं केलीत का. तिच्यामुळे अर्धं गाव असले उंची कपडे घालून हिंडतं, की त्यांची खरी किंमत घालणाऱ्यांनाही ठाऊक नाही.

निवडायच्या टेबलावर भिंतीला एक पुठ्ठा लावलाय, नोरेलच्याच अक्षरातला: "आपल्याला हवं ते आधी एक दिवस दुकानात टांगायचं. तोवर घालूनही बघायचं नाही." झालं होतं असं, की गावात कुजबुज सुरू झाली होती, निवडणाऱ्या बाया साय ओरपतात आणि आपल्याला ताक उरतं. नोरेलच्या ते फार मनाला लागलं आणि तिनं हा पुठ्ठा ठोकला. पहिला बळी डल्सीचा गेला. चामड्याची एक तपकिरी पर्स डल्सीला जीव की प्राण झाली होती. टांगली आणि तासाभरात खपली. त्याला नऊ वर्षं झाली. ती पर्स घेऊन हिंडणारी बाई दिसली की डल्सी अजून रस्ता बदलते.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका बुधवारी नोरेलनं पिशवीत हात घातला आणि तो तिथेच थांबला. बोटांना जे लागलं ते ती ओळखत होती. तिनं हळूच बाहेर काढलं. गडद हिरवा लोकरीचा लांब कोट. मानेपाशी लेबल नव्हतं, कुणीतरी कापून टाकलं होतं. नोरेलनं डावा खिसा उलटा केला. तळाशी लाल दोऱ्याचे तीन टाके होते.

ते टाके तिचे होते.

सतराव्या वर्षी ती मेलबर्नला गेली होती, फ्लिंडर्स लेनमध्ये, चार जिने चढून, ऑडेट क्वेल या बड्या नावाच्या कोटांच्या कारखान्यात. ऑडेट क्वेलचा कोट म्हणजे तेव्हा नोरेलच्या दोन महिन्यांच्या पगाराचा. नोरेल अख्खा कोट शिवायची, कॉलर आणि काजं तर हातानं. आपला कोट पुन्हा कधी समोर आला तर ओळखता यावा म्हणून खिशाच्या तळाशी तीन लाल टाके घालायची, कुणाच्या नकळत. एकदा, असाच हिरवा कोट पुरा झाला तेव्हा, तिनं तो अंगावर चढवला आणि आरशापुढे उभी राहिली. मुकादमीण मागून ओरडली, "नोरेल! काढ तो. तू शिवायचे, घालायचे नाहीत."

त्यानंतर लग्न झालं, केल्विनबरोबर ती गावी परतली, मेंढ्या झाल्या, केल्विन गेला. सात हिवाळे ती एकाच निळ्या फुगीर जाकिटात काढत होती. पण तो आरसा काही डोक्यातून गेला नव्हता. आयुष्यात एकदा तरी असला कोट घालायचा, एवढीच तिची हौस होती, आणि आता तो हातात होता.

"अगं, घाल ना!" डल्सी म्हणाली. नोरेलनं तिला टाके दाखवले होते. दाखवल्यावाचून राहवतंय कुणाला? "मी काही बघितलं नाही. माझं तोंड तिकडे आहे."

"पुठ्ठा कुणी लिहिलाय?"

"तूच. म्हणून तर म्हणते, तूच फाड."

नोरेलनं पुठ्ठा फाडला नाही. पण ती काही देवदूतही नव्हती. गुरुवारी सकाळी दहाला दुकान उघडलं तेव्हा कोट टांगलेला होता खरा, पण पार मागे, पुरुषांच्या जुन्या रेनकोटांमध्ये.

साडेदहाला डल्सी तिथे पोचली. "वा! म्हणजे तुझा कोट रेनकोटात आणि माझी पर्स दारात, असं का गं?"

नोरेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं कोट उचलला आणि दारासमोरच्या रॅकवर अगदी पहिला टांगला.

तो दिवस काही केल्या सरेना. अकराला मेलबर्नचा वॉरिक आला, जो गावोगावच्या अशा दुकानांतून नावाजलेले कपडे उचलतो आणि शहरात दसपट भावानं विकतो. मोबाइल हातात, नजर कपड्यांच्या लेबलांवर. त्यानं हिरव्या कोटाची कॉलर उलटली. नोरेल गल्ल्यामागे श्वास रोखून उभी.

"लेबलच नाहीये," तो म्हणाला आणि पुढे सरकला.

सुटले, असं नोरेलला वाटलं, आणि लगेच रागही आला. त्या कॉलरवर तिनं चार तास घालवले होते. मेल्याला शिवण दिसली नाही, हात दिसला नाही, फक्त चिंधीवरचं नाव हवं होतं!

दुपारी द्राक्षमळ्यावरच्या एका बाईनं कोट घालून पाहिला. खांद्यांवर बसला छान, पण "डांबरगोळ्यांचा वास येतो," म्हणून तिनं काढला. नोरेलनं मनातल्या मनात डांबरगोळ्यांचे आभार मानले. पावणेचार वाजले. कोट जागेवर होता.

"मी दाराची पाटी उलटी करू?" डल्सीनं विचारलं. तीही आता मऊ झाली होती.

"चारला. पंधरा मिनिटं आहेत अजून."

तेवढ्यात दार उघडलं. गावाबाहेरच्या मटणाच्या कारखान्यात पॅसिफिकमधल्या व्हानुआतू बेटांवरून बायका कामाला आल्यात, त्यांतली एक होती. लेइमारा तिचं नाव. पायात कारखान्याचे गमबूट, अंगात दोन स्वेटर आणि वर कुणातरी पुरुषाचं टोपीचं जाकीट. दिवसभर थंड खोलीत पॅकिंग करायचं आणि बाहेर पडलं की हा वारा. बिचारीचे ओठ फुटले होते.

ती कोटांपाशी गेली. कॉलर उलटून लेबल शोधलं नाही. हिरवा कोट उतरवला, उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत गेली, सावकाश, अगदी नोरेल फिरवते तसा. काजांपाशी थांबली. खिशात हात घातला, खिसा बाहेर ओढला, लाल टाके पाहिले आणि सरळ गल्ल्याशी आली.

"बुबू," ती म्हणाली. तिच्याकडे आजीला तेच म्हणतात. "हे कुणी शिवलं?"

नोरेलनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टाके पुन्हा पाहिले. लेइमाराला वाटलं, आपलं इंग्रजी फसलं.

"आमच्याकडे बायका चटया विणतात ना, तर चटई बघून सांगतात, ही अमकीच्या हातची. हे पण कुणाच्या तरी हातचं आहे. खूण केलीय बघ तिनं. तू ओळखतेस तिला?"

फ्लिंडर्स लेनमध्ये नोरेलनं शेकडो कोट शिवले होते. ते कुणाचे, असं लोकांनी हजारदा विचारलं असेल, आणि उत्तर दर वेळी ऑडेट क्वेल. कुणी शिवला, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मी," ती म्हणाली. "मी शिवला."

"खरंच?"

"घाल बघू."

लेइमारानं जाकीट काढलं आणि कोट चढवला. खांदा बरोब्बर बसला. बाह्या तेवढ्या बोटांवर येत होत्या. नोरेल टाचण्या तोंडात धरून पुढे झाली, बाही दोन बोटं आत वळवून टाचली आणि तिथेच खुर्ची ओढून टाके घालू लागली. चार वाजून गेले. डल्सीनं पाटी उलटी केली नाही, चहा टाकला.

लेइमारानं बारा डॉलर दिले आणि बटणं गळ्यापर्यंत लावून ती वाऱ्यात निघून गेली. नोरेल दारात उभी राहून बघत होती. कोटाची मागची चीर सरळ पडली होती, जशी पडायला हवी तशी. मग तिनं आपलं निळं जाकीट चढवलं.

"रडतेस की काय?" डल्सी म्हणाली.

"वारा आहे."

पुढच्या गुरुवारी दहा वाजता दार उघडलं तर बाहेर कारखान्याच्या चार बायका उभ्या. सगळ्यांत पुढची आत आली, रॅककडे पाहिलं, डल्सीकडे पाहिलं आणि विचारलं, "नोरेल आहेत का?"

"ही काय नोरेल."

"या नाही हो," ती हसली. "कोट. नोरेलचे कोट. लेइमाराला मिळाला तसले अजून आहेत का?"

"शिवून देईन," म्हणत नोरेल कपाटाकडे गेली आणि लाल दोऱ्याचं रीळ शोधू लागली.