स्टूलवाली आणि माझा हात

ती आली तेव्हा आमच्या खोलीत तिच्यासाठी खुर्चीसुद्धा नव्हती. कुठूनतरी एक स्टूल आणून तिने माझ्या पाठीमागे ठेवलं आणि ठाण मांडून बसली. "काका, तुम्ही तुमचं काम करा. मी फक्त बघते."

आता तुम्हीच सांगा, पाठीवर कुणी डोळे रोखून बसलं की माणूस काम करेल की नुसता मान खाजवत बसेल? मी एका दूरच्या यानाशी बोलायचं काम करतो. पडद्यावर आज्ञा लिहायची, शेजारच्या खुर्चीतल्या शेजारणीने ती मोठ्याने वाचायची, चूक नसली की मी 'पाठवा' दाबायचं. आज्ञा तिकडे पोचायला अर्धा तास आणि उत्तर यायला तेवढाच. यान उडायच्या आधीपासून मी याच खोलीत आहे. आमची ही त्याला आपली सवत म्हणते. "तिच्याशी किती जपून बोलता, माझ्याशी बोललात कधी असं?" मी म्हणतो, "तिचं उत्तर यायला वेळ लागतो. तुझं आधीच तयार असतं."

स्टूलवालीचं काम आमच्यासाठी नवे पडदे करायचं. जुने ज्यांनी केले होते त्यांनी या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तापमान एका कोपऱ्यात, बॅटरी भलतीकडेच, आणि 'पाठवा' नि 'रद्द' ही दोन बटणं मसुरीच्या दाण्याएवढी, एकमेकांना चिकटून. आम्ही सवयीने निभावून नेत होतो. त्या सवयीच बघायला ती आली होती. कुणी पडद्यावर बोट टेकवून आकडा वाचला की हिने टिपलंच.

"शिंकलो तेही लिहितेस का गं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"शिंकताना माउस सोडलात, ते लिहिलं."

मी माउस पुन्हा घट्ट धरला.

आता हाताचं सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जायचंही नाही. सगळ्या खोलीला ते ठाऊक होतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. मग तालमी सुरू झाल्या. यान एका छोट्याशा जगापाशी पोचत होतं. तिथे आजवर कुणीही गेलेलं नव्हतं. नेमक्या वेळी इंजिन पेटलं तर यान त्याच्याभोवती फिरत राहणार, नाही पेटलं तर शेजारून निघून जाणार ते कायमचंच. बाकी सगळं आधीच भरून ठेवलं होतं, फक्त शेवटचा होकार इथून जायचा होता. तालमीत माझा हात सरकला आणि 'पाठवा'ऐवजी 'रद्द' दाबलं गेलं. सगळं पुन्हा भरेपर्यंत वेळ टळून गेली.

साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान, पण माणूस भला. जवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, त्या दिवशी खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवू या. तुम्ही शेजारी बसून आज्ञा वाचा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मूल लहानाचं मोठं करायचं आणि त्याच्या लग्नात आपण वाढप्यांत उभं राहायचं, तसं झालं मला. घरी जेवण गेलं नाही. आमच्या हिने सवतीवरून एकदाही चिडवलं नाही, तेव्हा मला आणखीच धसका बसला.

दुसऱ्या दिवशी स्टूलवालीने स्टूल उचललं आणि पहिल्यांदाच माझ्या समोर येऊन बसली.

"काका, हात दाखवा."

"ज्योतिष बघतेस की काय?"

तिने माझा तळवा टेबलावर पालथा ठेवला. "आता वजन टाका. खांद्यापासून."

मी भार दिला. हात शांत झाला. मी बघतच राहिलो.

"माझे बाबा कपड्यांना इस्त्री करायचे," ती म्हणाली. "कप उचलला की अर्धा चहा बशीत. पण इस्त्रीवर भार दिला की हात कसा सरळ चालायचा."

मग तिने साहेबांना एक चित्रफीत दाखवली. आम्हाला विचारूनच तालमीत घेतलेली, पण तिच्यात फक्त हात. माझा तर होताच. एका तरुणाचं बोट भलत्याच बटणावर जाऊन परत येत होतं. एक अंगठीवाला हात उतावीळपणे तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. साहेबांनी आपल्या अंगठीकडे पाहिलं आणि खोकले.

"हात सगळ्यांचेच चुकतात," ती म्हणाली. "हात काही बदलता येत नाहीत. बटण बदलता येतं."

"बघा करून," साहेब म्हणाले. "पुढच्या तालमीत नाही जमलं, तर मात्र काका शेजारी बसतील."

तिने 'पाठवा' पडद्यावरून काढून थेट टेबलावर आणलं. तळहाताएवढं बटण. शेजारीण आज्ञा वाचत असेपर्यंत ते दाबून धरायचं. वाचेल तशी एकेक ओळ पडद्यावर उजळत जाते. मध्येच हात उचलला तर काहीच जात नाही. पहिलं बटण इतकं मऊ होतं की माझ्या कोपरानेच दाबलं गेलं. मी खजील झालो आणि ही बया खूश. "बरं झालं आत्ताच कळलं," म्हणाली, आणि घट्ट बटण करून आणलं. पुढच्या तालमीत सगळं सुरळीत झालं. साहेबांनी खुर्चीचा विषय परत काढला नाही.

तो दिवस आला. शेजारीण वाचू लागली. मी तळवा ठेवला आणि खांद्यापासून भार दिला. ओळी उजळत गेल्या. शेवटची उजळली आणि होकार गेला.

पूर्वी वाट बघताना पडदा रिकामा असायचा आणि कुणाला ना कुणाला काहीतरी दाबायची हुक्की यायची. आता तिथे तिने एक रेघ ठेवली होती. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला यान, आणि मधून सरकणारा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे माझा होकार. खोलीतली एवढी शिकलेली माणसं हात काखेत दाबून त्याच्याकडे बघत होती. ठिपका मध्यावर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर हेच काम केलं, पण असं कधी जाणवलं नव्हतं. जिथे हवा नाही, आवाज नाही, ओळखीचं कुणी नाही, तिथून माझ्या तळहाताचं वजन एकटंच चाललं होतं आणि वाट चुकत नव्हतं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. यानाचा वेग उतरत होता. इंजिन पेटलं होतं. साहेब चष्मा पुसत बसले. मग पहिलं चित्र उमटलं. खड्ड्याखड्ड्यांचा राखाडी गोळा, एका कडेला ऊन. तिथलं ऊन आजवर कुठल्याच डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. केवढीशी आम्ही माणसं, आणि हात कुठवर पोचला.

मी मागे वळलो. स्टूल रिकामं होतं. ती भिंतीशी उभी राहून चित्र बघत होती. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला होता, तरी तो थरथरत होता. माझ्यासारखाच. आनंदाने थरथरणारा हात वेगळा असतो, मला कळतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"इथे यायच्या आधीपासून. बाबांचाच आलाय." ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही अजून."

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मी कधी कुणाला बसू दिलेलं नाही. तिचा तळवा बटणावर ठेवला. आज्ञा नसली की ते काहीच करत नाही, तशी सोय तिनेच केली होती.

"वजन टाक, पोरी," मी म्हणालो. "खांद्यापासून."

तिने भार दिला. मी तिच्या मागे स्टुलावर बसलो आणि तिचा हात शांत होताना बघत राहिलो.