पर्समधली साखर

सकाळी बागेत फिरताना बाकावर घामाने डबडबलेले एक आजोबा दिसले. त्यांचे हात थरथरत होते.

"छातीत फार धडधडतंय गं," ते बायकोला म्हणाले.

"डायबेटिसची गोळी घेतलीत आणि काही न खाताच निघालात ना!" आजी करवादल्या. पर्समधली साखरेची पुडी काढून त्यांनी आजोबांना भरवली.

रक्तातली साखर फार उतरली की हृदयाची तारांबळ उडते. पाहुणे दारात आणि डबा रिकामा, तशी. एरवी आजोबांच्या चहातली साखर काढून घेणाऱ्या याच असणार, आणि पुडी जपणाऱ्याही याच.

हळूहळू आजोबांचा चेहरा उजळला.

"आणखी एक दे की," ते हसले.

आजींनी पर्सची चेन खर्रकन ओढली. दुसरा हात मात्र आजोबांच्या छातीवरच होता.