मिशीसकट रावण

वडील हयात असताना मिशी उतरवणारा रत्नागिरीच्या आमच्या आळीतला पहिला मनुष्य मी.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची ही गोष्ट. माझी मुलगी कुसुम तेव्हा मराठी तिसरीत होती. शाळेत हस्तकामाचं प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येकीनं घरातल्याच वस्तूंतून काहीतरी करून न्यायचं होतं. कुणी करवंटीचं कासव करत होतं, कुणी पोफळीच्या झावळीच्या विरीचं गलबत. आमच्या कुसुमनं जाहीर केलं, "मी रावणाचा मुखवटा करणार!" आठ वर्षांची पोर, पण तयारी बघावी! रद्दी कागद दोन दिवस भिजवले, मेथीचं पीठ घालून उखळात कुटले आणि लगदा असा लोण्यासारखा केला की माझी छाती फुगली. (मी कचेरीत कारकून. कागदाचं इतकं चांगलं आमच्या घराण्यात कुणीच केलं नव्हतं.)

अडलं ते साच्यापाशी. लगदा थापायला चेहरा हवा.

"रावण शोधायला लांब कशाला जायचं?" मी ऐटीत म्हटलं. "माझा चेहरा घे."

"मी तेच सुचवणार होते," स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली.

अंगणात चटई टाकून मी उताणा पडलो. कुसुमनं माझ्या तोंडाला खोबरेल चोपडायला सुरुवात केली. "बाबा, मिशीलाही लावते हं."

"खबरदार! मिशीला हात लावायचा नाही!" (त्या मिशीला पीळ भरण्यात रोज सकाळी माझा अर्धा तास जाई.) "आणि दोन्ही टोकं लगद्याबाहेर दिसू देत. रावण आहे तो!"

पोर आज्ञाधारक. मिशी कोरडीच राहिली. नाकात भोपळ्याच्या पानांच्या देठाच्या दोन नळ्या खोचून, डोळे तेवढे सोडून तिनं मला लिंपून टाकलं. चैत्राच्या उन्हात मी दोन तास वाळत पडलो. तोंडही बंद! ओटीवर झोपाळ्यावर बसलेले माझे वडील, अप्पा, म्हणाले, "आज घर कसं शांत वाटतंय!"

मग कुसुमनं मुखवटा हलकेच उचलला. हनुवटी सुटली, गाल सुटले, कपाळ सुटलं. मिशी मात्र सुटेना! तिनं जरा ओढल्याबरोबर मीच चटईवरून उठून बसलो.

"ऊंऽऽऽ!"

"मेथीचा चिकटा तो! थांबा, ऊन पाणी आणते," ही म्हणाली.

"नको ना आई! पाणी लागलं की सगळं विरघळेल. उद्या सकाळी न्यायचाय!"

कुसुमनं दोन्ही हातांनी मुखवटा धरून ठेवला. कुटून कुटून तिचे तळहात लाल झाले होते, नखांत लगदा भरला होता. मी ते हात पाहिले आणि माझ्या मिशीची मला लाजच वाटली. बोटांनी ओठावर वस्तरा ओढून दाखवला. झालं, न्हावी आला.

त्यानं आधी मला पाहिलं, मग झोपाळ्याकडे पाहिलं. "वडील समोर बसलेत, नि मी मिशी काढू? नाय बा! म्या नाय हात लावायचा!"

"काढ रे!" अप्पा कडाडले. "माझी वाट बघत बसलात, तर पोरीचं प्रदर्शन हुकेल!"

वस्तरा आत सरकला, आणि माझी मिशी कायमची लंकेला गेली.

संध्याकाळी शेजारचे बापूकाका फाटकाशी आले. माझा भादरलेला ओठ पाहिला आणि एकदम माझ्या गळ्यात पडले. "अरेरे! कधी गेले रे अप्पा? दुपारी तर धडधाकट होते!"

"आत ये बापू, चहा होतोय," झोपाळ्यावरून आवाज आला. बापूकाकांना फाटक धरून उभं राहावं लागलं. दिवेलागणीपर्यंत आणखी पाच जण येऊन रडून गेले. अप्पांनी सगळ्यांचं समाधान केलं. "लोक माझ्याबद्दल इतकं बरं बोलतात, मला ठाऊकच नव्हतं," असं म्हणत ते त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले!

दुसऱ्या दिवशी काजळ, गेरू नि हळद लावलेला रावण प्रदर्शनात मधोमध बसला. ("बाकीची नऊ तोंडं पुढच्या वर्षी," कुसुम म्हणाली. मी दचकलो.) त्याच्यापुढे ही गर्दी! "मिशा काय हुबेहूब केल्यात हो!" पहिला नंबर कुसुमचा लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला जवळ बोलावलं. "कुसुम, खरं सांग हं. वडिलांनी मदत केली ना?"

"नाही बाई!" कुसुम ठामपणे म्हणाली. "त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही. नुसते पडून होते."

बाईंनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं, आणि त्यांना ते लगेच पटलं!