खंडेनवमीला बंद ठेवलेला कॉम्प्युटर

“प्लग काढा,” मी फोनवर ओरडलो. “शटडाऊन नको, माऊसला हात लावू नका. सरळ प्लग काढा.”

“पन पूजा झालीय त्याची,” पलीकडून नाना राऊत म्हणाले. “हार हाय अजून वर. आसा खेचायचा?”

“हारासकट खेचा, नाना.”

दसऱ्याची सकाळ होती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आचोळ्याला माझा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा होता आणि दसरा म्हणजे माझ्या धंद्यातला कुंकवाचा सीझन. फ्लॉपीच्या फटीत अक्षता, कीबोर्डात झेंडूच्या पाकळ्या. एका भाविकाने तर सीडी ड्राइव्हचा ट्रे उघडून त्यात पेढा ठेवला होता आणि देवाने खाल्ला की नाही ते बघायला ट्रे परत आत ढकलला होता. मी अशा लोकांना चारचौघांत झापायचो. नानांनाही आदल्या वर्षी झापलं होतं. त्यामुळे फोन आला तेव्हा मला वाटलं, यंदाही हळदकुंकूच.

पण नाना म्हणाले होते, “सईचे धडे गेले. फेव्हरिट्समध्ये सईचं फोल्डरच नाय.”

मी स्कूटर काढली.

सई म्हणजे नानांची नात, पाच वर्षांची. जन्मापासून तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. दीड वर्षाची असताना कानाला मशीन लागलं. मुंबईच्या स्पीच थेरपिस्ट बाई महिन्यातून एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, खरं काम घरी आहे, रोज. सईचे वडील बोटीवर नोकरीला. आई वैशाली साताऱ्याकडची, घर आणि वाडी दोन्ही तिच्या अंगावर. म्हणून रोजचं काम नानांनी घेतलं. नाना एस.टी.च्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. इंग्रजी जेमतेम. कॉम्प्युटर मीच विकला होता त्यांना, आणि मोडेमचा तो किरकिराट ऐकून ते म्हणाले होते, “क्लच प्लेट गेलीय याची.”

असा माणूस तीन वर्षं, शेजारी डिक्शनरी घेऊन, परदेशातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळांची, त्यांच्या आईबापांनी बनवलेली पानं शोधत होता. उपयोगाचं पान सापडलं की फेव्हरिट्समध्ये टाकायचा. फेव्हरिट्स म्हणजे पत्त्यांची वही. पान इंटरनेटवरच राहतं, आपल्याकडे फक्त त्याचा पत्ता. पत्ता गेला की पान असून नसल्यासारखं. आणि दिवाळीनंतर आगाशीच्या शाळेच्या बाई सईला भेटणार होत्या. तिचं बोलणं समजलं तर जूनमध्ये पहिलीत घेऊ, नाहीतर दुसरीकडे बघा, असं सांगितलेलं.

आगाशीला नानांच्या घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. कॉम्प्युटरच्या शेजारी पाटावर त्यांचे जुने पाने, पकड, हातोडी, कोयता आणि विळा. सगळ्यांना कुंकू.

“व्हायरस का?” नानांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत वैशालीवहिनी दारात आल्या. “भाऊ, व्हायरस नाही. मीच केलंय.”

अष्टमीला त्यांनी दसऱ्याची साफसफाई काढली होती. माळा झाडला, रिकामे डबे, फुटकी बरणी, सगळं बाहेर. मग म्हटलं, कॉम्प्युटर तरी कशाला तसाच ठेवायचा? त्या एक एक फोल्डर उघडत गेल्या. एकात ढिगाने फायली, सगळ्यांच्या पुढे एकच आकडा, एक केबी. फोटो केवढा मोठा असतो ते त्यांना माहीत होतं. एक केबी म्हणजे रिकामे डबेच. फोल्डर उचलून रिसायकल बिनमध्ये टाकलं. आणि केर दिवेलागणीच्या आत घराबाहेर गेला पाहिजे, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून देवाजवळ दिवा लावायच्या आधी त्यांनी बिनही रिकामी केली.

“माझ्याच पोरीचे धडे,” त्या म्हणाल्या. “फोल्डरवर तिचं नाव होतं. मला वाटलं, तिचे खेळ असतील.”

नाना ओट्यावर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करत राहिले. मला वाटतं ओरडले असते तर वहिनींना बरं वाटलं असतं.

इथे थोडं समजावून सांगतो. फाईल डिलीट केली की ती लगेच पुसली जात नाही. हार्ड डिस्कवर एक रजिस्टर असतं, कुठली फाईल कुठे आहे त्याचं. डिलीट म्हणजे त्या नोंदीवर नुसती खूण, की ही जागा आता मोकळी. त्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं, की मात्र ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. आणि कॉम्प्युटर चालू असला की आपण काही न करताही तो सारखा काहीतरी लिहीत असतो. म्हणून पहिला नियम, मशीन बंद.

मी विचारलं, “अष्टमीनंतर कोणी कोणी वापरला?”

“कोन वापरनार? काल खंडेनवमी,” नाना म्हणाले. “हत्यार पूजेला लावलं की त्या दिवशी हातात धरायचं नाय. चाळीस वर्षं वर्कशॉपला पाळलं. मी काल सकाळीच प्लग काढून ठेवला. सई रडली धड्यासाठी, तरी नाय लावला. आज पूजा उतरवायच्या आधी म्हटलं जरा बघू, आनि बघतो तर हे.”

एरवी हा माणूस रोज चार चार तास नेटवर बसायचा. काल बसला असता तर मी आल्यापावली परत गेलो असतो. मी कोयत्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

सोबत मी माझी डिस्क नेली होती. मशीन माझ्या डिस्कवरून चालू केलं, नानांची डिस्क दुसऱ्या नंबरला लावली. तिच्यातून फक्त वाचायचं, तिच्यावर लिहायचं नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. अर्ध्या तासाने पुसलेल्या फायलींची यादी आली. सईच्या नावाचं फोल्डर शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही.

“नाही दिसत,” मी म्हणालो.

वहिनी आत निघून गेल्या. सई माझ्या शेजारी उभी होती, कानामागे मशीन, हातात झेंडूचं फूल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. अशी मुलं ओठ वाचतात, हे मला तेव्हा आठवलं आणि मी मान खाली घातली.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी मलाच शिवी हासडली, मनातल्या मनात. कचऱ्यात टाकलेल्या वस्तूचं नाव विंडोज बदलून ठेवते, स्वतःचं एक डीसी आणि नंबर लावते. बाहेरच्या फोल्डरची पाटी बदलते, आतल्या फायलींची नावं तशीच राहतात. वीस वर्षांचा अनुभव सांगत फिरणारा मी घराची पाटी शोधत बसलो होतो. डीसी नावाची फोल्डरं बघायला लागलो. सातवं उघडलं.

स्क्रीन भरली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, प्रत्येकाला नंबर. ‘०९ फुंकर, कागदाची पट्टी हलली पाहिजे, प’. ‘२३ गळ्यावर हात, ग’. ‘५८ आरशासमोर, जीभ वर, ल’. ‘७१ दोन शब्द जोडून, दूध दे’. खाली, खाली, खाली, ‘१४३ फोनवर बोलणे’. एका मुलीचं सगळं बोलणं ओळीने लावून ठेवलेलं, गाडीचं इंजिन खोलताना मेकॅनिक फडक्यावर भाग मांडतो तसं. मी बँकांचा डेटा काढून दिलाय, कारखान्यांचा दिलाय. स्क्रीनसमोर हात जोडावेसे तेव्हाच वाटले.

आणि प्रत्येक फाईल एक केबीसुद्धा नव्हती, त्याहून कमी. इतक्या लहान फाईलला विंडोज वेगळी जागा देतच नाही. ती रजिस्टरच्या नोंदीतच मावते. वहिनींनी रिकामा समजलेला डबा भरलेला होता, आणि नोंद शाबूत म्हणजे आतला ऐवज शाबूत. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी बघितलं.

“वहिनी, बाहेर या,” मी हाक मारली.

मोजले. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकोणचाळीस. सकाळी नानांनी मशीन लावलं त्या दहा मिनिटांनी चार खाल्ले. विंडोज मोकळ्या नोंदी पहिल्यापासून वापरते, म्हणून गेले ते पहिले चार.

मी म्हणालो, “नाना, एक ते चार गेले. सॉरी.”

नाना सईकडे बघून हसले. “ते गेले तर गेले. ते तिला येतात.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी स्क्रू ड्रायव्हर शोधायचं सोंग केलं, तो माझ्या हातातच होता.

दुपारी सगळं दोन सीडींवर लिहून दिलं. म्हटलं, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, आणि ती त्याच घरात ठेवली तर बॅकअप नव्हे. एकाच माळ्यावरून दोन्ही एकदम केरात जातील. एक सीडी घराबाहेर ठेवा. वहिनी म्हणाल्या, “माहेरी पाठवते.” त्या महिन्यात दिवाळीच्या फराळाबरोबर एक सीडी साताऱ्याला गेली. माझ्या एकाही कंपनी क्लायंटने इतका चोख ऑफसाइट बॅकअप ठेवलेला मला आठवत नाही.

दिवाळीनंतर शाळेच्या बाईंनी सईला नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. तिने सांगितलं. बाईंना समजलं.

पुढच्या वर्षी नवरात्रात प्रिंटर बसवायला मी आगाशीला गेलो. दिवस कुठला, ते मला धंद्याच्या गडबडीत लक्षात नव्हतं. पाटावर पाने, पकड, कोयता. कॉम्प्युटरला हार. मी सवयीने प्लगकडे हात नेला.

सई धावत आली आणि माझा हात धरला. “काका, आज नाही,” ती म्हणाली. ‘ज’ थोडा जड, पण शब्द स्वच्छ. “उद्या.”

मी हात मागे घेतला. माझ्या गाळ्यातही तेव्हापासून खंडेनवमीला सगळी मशीन्स बंद असतात. पेढा मात्र मी बाहेरच ठेवतो.