फळीवरची गोळी

"मग मी बसायचं कुठं, ते तरी सांगा. मोरीत बसू का जिन्यात?"

"म्हनून तर म्हंते, गोळी गिळ. इतकी वर्सं गिळलीस, आताच का घशात अडकाया लागली?"

राहीबाई भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून घटासाठी आणलेली काळी माती चाळत होत्या. त्यांची सून सुनयना गॅसपाशी उभी होती. वाद सकाळी सुरू झाला होता. मधे सुनयना तुर्भ्याच्या बाजारात जाऊन बटाटे निवडून आली, येताना दळण घेऊन आली, तरी वाद होता तिथंच होता. झाकून ठेवलेल्या कालवणासारखा, पुन्हा विस्तवावर ठेवला की तसाच.

"डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलंय, आत्या."

"त्या डाक्टरनीच्या घरात घट बसत्यात का?"

सुनयनानं भाकरी उलटली.

घट पुढच्या आठवड्यात बसायचे होते. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात ह्या दिवसांत पाळी आलेल्या बाईची अडचण होत नसे. परड्याच्या बाजूला पडवी होती. तिथं पाट टाकून ती बसे आणि ताट तिकडं सरकवलं जाई. पण कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत एकच खोली. त्यातच ओटा, ओट्याला लागून मोरी, आणि मोरीच्या समोरच्या भिंतीला देव. मोरीकडे जाणाऱ्या प्रत्येकीचा पदर देवावरून जायचा. बाजूला बसायला त्या घराला बाजूच नव्हती.

ही अडचण गोळीनं सोडवली होती. खरं तर गोळी त्यासाठी आलीच नव्हती. धाकटा स्वराज झाला तेव्हा दोन पुरे म्हणून गावाकडच्या नर्सबाईंनी ती सुरू केली. सुरू करताना त्यांनी सुनयनाच्या दंडाला पट्टा बांधून दाब बघितला होता, पाय दाबून बघितले होते, मिश्री लावतेस का, डोकं धरतं का, कावीळ झाली होती का, असं बरंच विचारलं होतं. तेव्हा डोकं धरत नव्हतं. वर्षातून एकदा दाब बघून घेत जा, असंही त्या म्हणाल्या होत्या. मग जोतीरामला तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात हमालांच्या टोळीत जागा मिळाली, बिऱ्हाड इकडं आलं, आणि दाब बघायचा गावाकडेच राहिला. गोळी मात्र बरोबर आली. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळत होती आणि तिथं कुणी काही विचारत नव्हतं.

पाकिटातल्या शेवटच्या तपकिरी गोळ्या नुसत्या रक्तवाढीच्या असतात आणि त्या चालू असताना पाळी येते, हे राहीबाईंनी एकदा नीट समजून घेतलं. त्या दिवसापासून तपकिरी गोळ्या खिडकीतल्या कढीपत्त्याच्या डब्यात जायला लागल्या. एका पाकिटातल्या पांढऱ्या संपल्या की दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या. श्रावण, गौरी, घट, दिवाळी, सगळं निर्मळ. "माझी सून कधी बाहीर बसत न्हाई," असं राहीबाई खालच्या मजल्यावर सांगत, आणि ऐकणाऱ्या बायका खरंच हेव्यानं बघत. पुढं पुढं फळीवरचं ते पाकीट मिठासारखं झालं. कुणाच्या घरी सत्यनारायण निघाला, कुणाचं लग्न निघालं, की शेजारीण वाटी घेऊन यावी तशी गोळ्या मागायला यायची. नाही म्हणायची रीत नव्हती.

सुनयनाचं डोकं धरायला लागलं ते तिशी ओलांडल्यावर. आधी डोळ्यांपुढं करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ यायची, ती वाढत वाढत अर्धी नजर खाऊन टाकायची. मग ती विझली की डाव्या कानशिलात घण पडायला लागायचे. ती डोक्याला फडकं बांधून काम उरकायची. ही रेघ सगळ्यांनाच दिसत असेल, असं तिला वाटे. विचारायचं तरी कुणाला? डोकं दुखणं म्हणजे काही दुखणं नव्हे.

मागच्या मंगळवारी मात्र वेगळं झालं. बाजारात सडके बटाटे काढता काढता रेघ आली, आणि तिच्यामागून उजव्या हाताला मुंग्या आल्या. बोटांपासून कोपरापर्यंत, कोपरापासून ओठाच्या कडेपर्यंत. हातातला बटाटा खाली पडला. दुसरा उचलला, तोही पडला. शेजारी निवडायला बसलेली बाळाबाई हसली, "काय गं, उपास धरलाय का?" सुनयनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय म्हणायचं ते आत स्वच्छ होतं. बाहेर आला तो नुसता घोगरा आवाज. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बाळाबाईचं हसू तिथंच राहिलं.

मुकादमानं नाव विचारलं तेव्हा सुनयनाला स्वतःचं नाव सांगता आलं नाही. जोतीराम खांद्यावरचं पोतं तसंच गाळ्यात टाकून धावत आला, कमरेला खोचलेला पोती ओढायचा हूकही काढायचा राहिला. बायकोला पोत्यांच्या ढिगाला टेकवून तो सारखा एकच म्हणत राहिला, "बोल की गं. काहीतरी बोल."

थोड्या वेळानं तिची वाचा परत आली. पहिलं वाक्य ती म्हणाली, "रडू नका, लोक बघत्यात."

दुसऱ्या दिवशी ती महापालिकेच्या दवाखान्यात गेली. बाळाबाईनं तिला एकटीला जाऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या, रांग दारापर्यंत होती, आणि त्या मान वर न करता विचारत होत्या. हात कधी बधिर झाला? किती वेळ? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही दिसतं का?

"दिसतं की. करवतीसारखं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काही गोळ्या चालू आहेत?"

"तशा काही न्हाईत," सुनयना म्हणाली. मग आठवून, "पाळणा लांबवायची तेवढी."

गोळी हे औषध आहे, हे तिच्या मनातच नव्हतं. मीठ खाता का, असं विचारलं तर कोण सांगतं?

दाब बघितला, पुन्हा एकदा बघितला. दोन्ही वेळा जास्त भरला. पोटऱ्या दुखतात का, सुजतात का, छातीत दुखतं का, धाप लागते का, सगळं विचारून झालं. मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली, आणि आजच जा म्हणून बजावलं. मग त्या रांगेकडे न बघता, सावकाश बोलल्या.

"ही गोळी वाईट नाही. इथं रोज कितीतरी बायकांना मी स्वतः देते. पण ती बाई बघून द्यायची असते. जिला अशी रेघ दिसून डोकं दुखतं, जिचा दाब वाढलाय, तिच्यासाठी ही गोळी नाही. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत अडकू शकते. काल तुमची वाचा परत आली. पुढच्या खेपेला येईलच असं मी सांगू शकत नाही."

सुनयना उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली. मग खाली मान घालून तिनं तपकिरी गोळ्यांचं सांगून टाकलं. घरात जागा नाही, म्हणून आम्ही पाळी येऊच देत नाही; त्यानं झालं का?

"त्यानं नाही. विचारून केलं तर तेही चालतं. गोळीच तुम्हाला चालत नाही. आजपासून एकही नको. मात्र दिवस राहू द्यायचे नसतील तर दुसरं काहीतरी आजपासूनच हवं." तांबी बसवता येईल, तुमचं ऑपरेशन करता येईल, पण आधी दाब ताळ्यावर येऊ दे, असं त्या म्हणाल्या. "सगळ्यात सोपं नवऱ्याचं. टाकासुद्धा नावाला. दोनचार दिवसांत हलक्या कामाला लागतील, आठवड्याभरानं पोती उचलतील. फक्त पुढं तीन महिने आणि तपासणी होईतो सांभाळायचं." आणि त्यांनी निरोधची पाकिटं तिच्या पिशवीत घातली.

मोठ्या दवाखान्यातल्या तपासणीत काही निघालं नाही. दाबाची गोळी मिळाली. ऐकून राहीबाई म्हणाल्या, "बघ, काय बी न्हाई. उन्हाचा तडाखा." निरोधची पाकिटं जोतीरामनं ट्रंकेच्या मागं सारली.

आता दुपार कलल्यावर तो बाजारातून आला. हातपाय धुऊन बसला तर आई माती चाळतेय आणि बायको पाठमोरी. त्यानं दोघींकडे बघितलं.

"अजून तेच चाललंय व्हय? टेन्शन नको देऊ गं आई."

"मी देते? तुझ्या बायकूला इचार. घटात बाहीर बसायची म्हंते."

"मी तसं म्हणाले न्हाई," सुनयना म्हणाली. "गोळी घेणार न्हाई म्हणाले. आन् अवो, तुमी काय ठरवलं?"

"कशाचं?"

"दवाखान्याचं. चार दिस झालं विचारतेय."

जोतीराम पंच्यानं मान पुसत राहिला. सगळी मान पुसून झाली तरी पुसतच राहिला. "गोटीरामचं काय झालं, ठाऊक हाय न्हवं तुला?"

गोटीराम बाळाबाईचा नवरा. ऐन उमेदीत त्यानं ऑपरेशन करून घेतलं आणि पुढं एकदा ट्रकवरून उतरताना पोत्याखाली सापडून कंबर मोडून घेतली. तेव्हापासून टोळीत ठरूनच गेलं, की त्या ऑपरेशननं पाठीतला जोर जातो. ज्याची पाठ गेली त्याची टोळीतली जागा गेली. शंभर किलोचं पोतं उचलणारे हे गडी दवाखान्याच्या त्या दारावरून जायलाही भीत.

"ऑपरेशन झाल्यावर धा वर्सं उचलली की त्येनं पोती!" सुनयना वळून म्हणाली. "कुजक्या कांद्यावरनं पाय घसरला त्येचा. बाळाबाई काल माझ्यापाशी रडली. तिच्या नवऱ्याची कंबर मोडली, आन् तुमी टोळीवाल्यांनी त्येची गोष्ट करून ठेवली."

"टोळीत सगळी हसत्याल."

"मी मुकी झाले तवा कोण हसलं?"

जोतीरामनं मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. मंगळवारपासून बायकोला झोप लागली, की तो तिचा उजवा हात हळूच दाबून बघत होता, आणि हे तिला कळत होतं. पण हात दाबून बघणं वेगळं आणि दवाखान्याची पायरी चढणं वेगळं.

"आन् त्यो ऑपरेशन करनार असलं तर मी इथं ऱ्हानार न्हाई," राहीबाईंनी चाळणी बाजूला ठेवली. "एक डोळा म्हंजे डोळा न्हवं. उद्या स्वराजला काय झालं तर? गोळी हाय तवर दुसऱ्या नातवाला दार उघडं हाय."

सुनयना सासूकडे बघत राहिली. इतकी वर्षं रोज जेवणानंतर पाण्याचा तांब्या आणि गोळी ह्याच हातांनी तिच्यापुढं ठेवली होती. मायेनं ठेवतात, असं ती शेजारणींना सांगत आली होती. माया नव्हती असंही नाही. पण त्या मायेत हे दारही होतं, आणि दार उघडं राहावं म्हणून उंबरठ्यावर तिला घातली होती.

तेवढ्यात थोरली वैष्णवी शाळेतून आली. चपला काढून तिनं दप्तर खुंटीला अडकवलं. नववीतली पोर, अंगानं किरकोळ, घरातलं वातावरण वासावरून ओळखणारी. ती गुपचूप मोरीकडे निघाली.

"वैष्णवे, तुझी तारीख कंची गं?" राहीबाईंनी विचारलं.

बापासमोर विचारल्यानं पोरीचं तोंड तांबडं झालं. "पुढच्या आठवड्यात, आजी."

"म्हंजे घटातच. बरं." राहीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ओट्यावरच्या फळीवरून पाकीट काढलं, आणि त्यातली एक गोळी दाबून बाहेर काढली. सगळं इतकं सरावानं झालं, की त्यात दुष्टपणा शोधूनही सापडला नसता. "तुझ्या आईला सोसंना झाल्यात. तू तरी घे. घरात एक तरी बाई घटाला निर्मळ पायजे."

वैष्णवीनं हात पुढं केला. मोठ्यांनी काही दिलं की घ्यायचं, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

सुनयनानं गॅस बंद केला. ती गेली, पोरीच्या तळव्यावरची गोळी उचलली, सासूच्या हातातलं पाकीट घेतलं आणि दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आवाज चढवला नाही. राहीबाईंचा हात रिकामा तसाच पुढं राहिला. जोतीराम उभा राहिला होता. काय करायला उभे राहिलो, ते त्याला कळलं नव्हतं.

"आत्या, बसा. तुमीबी बसा. वैष्णवी, जाऊ नको, ऐक."

तिघं जिथं होती तिथं थांबली.

"ह्या घरात आजपासनं गोळी येणार न्हाई. माझ्यासाठी न्हाई, पोरीसाठी न्हाई, मागायला येणाऱ्या शेजारणीसाठीबी न्हाई. घटात आमची पाळी आली तर देवाला आमी शिवणार न्हाई, पाणी आत्या घालतील. पण आमी ह्याच खोलीत ऱ्हाणार, भाकरी मीच थापणार, आन् ज्यांना माझ्या हातची चालणार न्हाई त्यांनी नऊ दिस फळं खावीत. आन् हे दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून येईस्तोवर, आन् त्यानंतरबी डॉक्टरीणबाई हो म्हणंस्तोवर, माझं अंथरूण आत्यांच्या शेजारी पडंल."